दात ठणठणीत, कान स्वच्छ, तरी दुखतंय: ईगल सिंड्रोमचा माझा अनुभव

२०२५ च्या फेब्रुवारीत ऑपरेशन करून माझ्या घशातून हाडाचा एक तुकडा काढला. त्याआधीचे कित्येक महिने उजवा कान, उजवा जबडा आणि घसा यांच्या दुखण्यापायी मी या दवाखान्यातून त्या दवाखान्यात जात होते. शेवटी आजाराचं जे नाव निघालं त्यावर मराठीत वाचायला मला फारसं काही मिळालं नाही, म्हणून हे लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, सांगलीत एका खाजगी शाळेत गणित शिकवते. तुमचं दुखणं वाचून माझ्यासारखंच वाटलं तरी कारण वेगळं असू शकतं. कान, जबडा आणि घसा या वीतभर जागेत दुखण्याची कारणं ढीगभर आहेत. त्यातली बरीचशी एकेक करून माझ्या फाइलीतून खोडली गेली, ती कशी, हेही सांगते.

सुरुवात २०२४ च्या गणपतीत झाली. गिळताना घशात उजव्या बाजूला टोचायचं, अगदी माशाचा काटा अडकावा तसं. श्रावण लागल्यापासून आमच्या घरात मासा शिजलेला नव्हता, त्यामुळे काटा येणार कुठून? तरी सासूबाईंनी मला कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायला लावला. काही फरक पडला नाही. विसर्जन होईपर्यंत कान सुरू झाला. फळ्यावर लिहून मुलांकडे वळलं की उजव्या कानात आतपर्यंत कळ जायची. जांभई दिली की जबड्याच्या कोपऱ्यात सणक. बाकीचा वेळ एक बारीक ठणका, कधी कानात, कधी खालच्या दाढेत, कधी गळ्याच्या बाजूला. दुखतंय कुठे, हे बोट ठेवून दाखव म्हटलं तर मला दाखवता यायचं नाही.

आमच्या घरच्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी घसा बघायच्या आधी ईसीजी काढला. मला हसूच आलं. घसा दुखतोय आणि हे छातीला वायरी लावतायत! ते म्हणाले, "ताई, वय सेहेचाळीस, बीपीची गोळी चालू, आणि जबडा दुखतोय म्हणताय. हृदयाचं दुखणं जबड्यातही निघतं. जिना चढताना वाढतं का? घाम येतो का?" नाही म्हटलं. ईसीजीही चांगला आला. तीनशे रुपये. अँटिबायोटिकचा कोर्स, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. कोर्स संपला, दुखणं तिथेच.

मग कान-नाक-घशाचे डॉक्टर. कान दुखतो म्हणून गेले होते, त्यांनी कान एका मिनिटात संपवला. पडदा चांगला, मळ नाही, कमी ऐकू येतंय का बघायला ऑडिओमेट्री केली, तीही चांगली. त्यानंतरचा सगळा वेळ त्यांनी घशाला दिला. तंबाखू खाता का, मिश्री लावता का, सुपारी? आमच्या भागात बायकांना मिश्रीबद्दल विचारावंच लागतं. एकाच बाजूचा कान दुखतोय, कानात दोष नाही, असं असलं की टॉन्सिल, जिभेचं मूळ, स्वरयंत्र हे सगळं आधी बघून घ्यायचं, तिथली गाठ कानदुखीच्या रूपानं बोलते, असं त्यांनी मला सरळ सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून तपासणी झाली (दीड हजार रुपये, घशाला बधिर करणारा फवारा मारतात, चव कडू, पण दुखत नाही). काही वाईट नव्हतं. स्वरयंत्राच्या मागे थोडी लाली दिसली म्हणून ॲसिड घशात येत असेल असं ठरलं आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची पॅन्टोप्राझोल सुरू झाली. जळजळ खरंच थांबली. काटा मात्र होता तसाच.

इथे एक सूचना, कारण ही चूक घरोघरी होते. घरात लसूण घालून कढवलेलं तेल तयार होतं. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, कानात काहीही घालू नका. पडद्याला भोक असलं तर ते तेल आत जातं आणि नवं दुखणं मागे लागतं.

ऑक्टोबरमध्ये दात. एका क्लिनिकमध्ये मला पाचव्या मिनिटाला रूट कॅनॉल आणि कॅपचा साडेनऊ हजारांचा आकडा मिळाला. उजवीकडच्या खालच्या दाढेत जुनं सिमेंट होतं एवढाच तिचा गुन्हा. मी विचार करून सांगते म्हणून बाहेर पडले आणि शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या ओळखीनं दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दाढेवर आरशाच्या दांड्यानं ठोकून पाहिलं, गार फवारा लावलेला कापूस टेकवला, डावीकडच्या दाढेशी ताडून पाहिलं, छोटा एक्स-रे काढला आणि मग ओपीजी करायला पाठवलं. ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकाच फिल्मवर येणारा रुंद एक्स-रे. यंत्र डोक्याभोवती फिरतं, तेवढा वेळ हलायचं नाही. पाचशे रुपये. रिपोर्टमध्ये दातांबद्दल चार ओळी होत्या. डॉक्टर म्हणाले, "दात ठणठणीत आहे. रूट कॅनॉल करून तुमचं दुखणं थांबणार नाही, मग कशाला करायचं?" ती ओपीजीची फिल्म मी फाइलीत ठेवून दिली. तिचं काम पुढे पडलं.

दिवाळीच्या सुट्टीत मेंदूविकारतज्ज्ञ. तिथली अपॉइंटमेंट मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आणि तिथेच मला पहिल्यांदा कोणी नीट विचारलं, की दुखणं कसं आहे? विजेचा झटका बसल्यासारखं, काही सेकंदांचं? तोंड धुताना, दात घासताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी येतं का? तसं असतं तर ते ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेचं दुखणं. माझ्या गालाला हात लावला तर काहीच व्हायचं नाही. माझं दुखणं गिळताना, मान वळवताना, जांभईत. त्यावरून त्यांनी दुसऱ्या नसेवर संशय घेतला, ग्लॉसोफॅरिंजियल, मेंदूतून निघणारी नववी नस, जी घशाला, जिभेच्या मागच्या भागाला आणि मधल्या कानालाही जाते. एमआरआय करून घेतला, आठ हजार रुपये. गाठ नाही, नसेवर रक्तवाहिनीचा दाब नाही. कार्बामाझेपिन चालू केली, शंभर मिलिग्रॅम दोन वेळा, पुढे वाढवून दोनशे.

या गोळीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चेहऱ्याच्या नसांच्या दुखण्यात बऱ्याच जणांना ती दिली जाते. दुखणं निम्म्यावर आलं, हे खरं. पण पहिले दोन आठवडे मी शाळेत तरंगत होते. सातवीच्या वर्गात फळ्यावर सात आठे चौपन्न लिहिलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीनं "बाई, बरं नाही का?" विचारलं. गाडी चालवू नका असं सांगितलेलं होतं, ते का, ते कळलं. अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं, ते मध्ये तपासावं लागतं. आणि नुसतं बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही.

डिसेंबरात माझा डावा जबडा खटखट वाजतो ही गोष्ट माझ्या ध्यानात आली, म्हणून कदाचित सांध्याचं असेल असं वाटून मी डेंटल कॉलेजच्या ओपीडीत गेले. तुमच्या जवळपास डेंटल कॉलेज असेल तर माझा ठाम सल्ला आहे, तिथे जा. केसपेपर पन्नास रुपयांच्या आत, नंबर लावून बाकावर बसायचं, सकाळ जाते. पण तिथे ओरल मेडिसिन नावाचा एक विभाग असतो, म्हणजे दात सोडून तोंडात आणि जबड्यात जे जे दुखतं ते बघणारा, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. आणि तिथल्या शिकाऊ डॉक्टरांकडे वेळ असतो. खाजगी दवाखान्यात तो पैसे देऊनही मिळत नाही.

तिथली पीजी करणारी मुलगी, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं पट्टीनं मोजलं, तोंड बेचाळीस मिलिमीटर उघडतं. म्हणजे चांगलं उघडतं. सुपारी-गुटख्यानं तोंडाची कातडी आखडते त्यात ते हळूहळू बंद होत जातं, तसं नव्हतं. कानापुढे दोन्हीकडे बोटं ठेवून तिनं मला तोंड उघडमीट करायला लावलं. वाजत होता डावा सांधा, दुखत होती उजवी बाजू. उजवा सांधा दाबून दुखला नाही, चावायचे स्नायूही नाहीत. सांध्याचं दुखणं असलं तर कडक चावताना वाढतं, सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, असं ती म्हणाली. मला भाकरी चावताना त्रास नव्हता, ती गिळताना होता. मग तिनं मला खुर्चीत बसल्या बसल्या मान उजवीकडे वळवून थुंकी गिळायला सांगितली. माझा चेहरा बघून ती उठली आणि माझ्या फाइलीतली ओपीजी काढून दिव्यावर लावली.

दातांच्या रांगेकडे तिनं पाहिलंच नाही. जबड्याचं हाड कानाकडे वर वळतं, त्याच्या मागे फिल्मच्या कडेला तिनं पेन्सिल टेकवली. एक पांढरट रेघ कानाच्या खालून निघून तिरकी खाली येत होती, जबड्याच्या कोपऱ्याच्याही खाली गेलेली. दोन्हीकडे होती, उजवीकडे जास्त लांब. "हे हाड प्रत्येकाला असतं, मॅडम. एवढं नसतं."

ते हाड म्हणजे स्टायलॉइड प्रोसेस. कवटीच्या तळाशी, कानाखाली असलेला बारीक टोकदार भाग, एरवी अडीच-तीन सेंटिमीटरचा. त्याच्या टोकापासून गळ्यातल्या हायॉइड नावाच्या हाडापर्यंत एक तंतू जातो. कधी हाड वाढतं, कधी तो तंतूच कडक होत हाडासारखा होतो. ते टोक टॉन्सिलच्या मागच्या जागेत येऊन नववी नस डिवचतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या वॉट ईगल या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी १९३७ मध्ये हे लिहून ठेवलं, म्हणून ईगल सिंड्रोम. केसपेपरच्या मागे तिनं मला कानाचं चित्र काढून दाखवलं. कानाला पाचवी, सातवी, नववी, दहावी अशा मेंदूतून येणाऱ्या नसा आणि मानेतून येणाऱ्या दोन नसा, एवढ्या सगळ्यांच्या फांद्या जातात. त्यातली कुठलीही वाटेत कुठेही दुखावली तरी मेंदूला वाटतं कान दुखतोय. दाढ किडली तरी कान, टॉन्सिल सुजला तरी कान, मानेचे मणके आखडले तरी कान. एवढे दिवस कानाला दोष देत बसले होते, त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

पण तिच्या सरांनी येऊन लगेच माझ्या उत्साहावर पाणी टाकलं. फिल्मवर लांब हाड दिसलं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं नाही. साधारण शंभरात चार जणांचं ते लांब असतं आणि त्यातल्या फार थोड्यांना त्रास होतो. सीटी स्कॅन करा आणि हे ऑपरेशन करणाऱ्या घशाच्या सर्जनना दाखवा, असं लिहून दिलं.

सीटी मिरजेत करून घेतला, डिसेंबर संपता संपता. पाच हजार रुपये, थ्रीडी चित्रांसकट. सांगताना "थ्रीडी रिकन्स्ट्रक्शन, स्टायलॉइड मोजून" असं चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर रिपोर्टमध्ये लांबी येत नाही आणि परत खेटा पडतो. उजवं ४.३ सेंटिमीटर, डावं ३.४. म्हणजे डावंही लांबच, आणि त्या बाजूला मला आजवर कधी काही झालेलं नाही. सरांचं म्हणणं माझ्याच रिपोर्टवर छापून आलं होतं.

संक्रांतीच्या आधी पुण्याला गेलो. नणंदेकडे राहायची सोय होती. "वहिनी, ऑपरेशन ठरलं तर इथेच करा, डब्याचं मी बघते," हे तिनं दारातच सांगून टाकलं. सर्जननी सीटी बाजूला ठेवला. आधी विचारलं, मान वळवल्यावर चक्कर येते का, डोळ्यापुढे अंधारी? कधी शुद्ध हरपली आहे? हे हाड काही जणांत नसेऐवजी मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी दाबतं, त्या प्रकारात दुखणं मानेपासून डोळ्यापर्यंत चढतं आणि तपासण्या वेगळ्या लागतात. मला तसं काही नव्हतं. मग त्यांनी हातमोजा घातला आणि तर्जनी तोंडात टॉन्सिलच्या मागच्या खळग्यात नेऊन दाबली. ओकारी आली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याच क्षणी कान, दाढ, घसा, सगळीकडे एकदम ओळखीची कळ गेली. मी हातवारे करून सांगितलं, हेच, हेच. त्यांना बोटाला टोक लागलं होतं. डावीकडे दाबल्यावर नुसती ओकारी.

तरीही त्यांनी ऑपरेशनची तारीख दिली नाही. त्याच जागी बधिर करणारं इंजेक्शन दिलं आणि बाहेर जाऊन काहीतरी खाऊन या म्हणाले. रस्त्यावर पेरूची गाडी होती. आमच्या ह्यांनी एक कापून घेतला. मी मान उजवीकडे वळवून, मुद्दाम, पेरूची फोड चावून गिळली. काही नाही. जांभई काढली, काही नाही. दोन-अडीच तास मी उजव्या बाजूला विसरले होते. नंतर बधिरपणा उतरला तसं सगळं परत आलं. "आता करू," सर्जन म्हणाले. या चाचणीशिवाय फक्त स्कॅन बघून कोणी ऑपरेशन सुचवलं तर मी तरी दुसरं मत घेईन.

पर्याय तीन होते. गोळ्या तशाच चालू ठेवायच्या, त्या जागी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन बघायचं, किंवा हाड कापायचं. कापायच्या वाटा दोन. तोंडातून गेलं तर बाहेर व्रण नाही, पण जागा अरुंद, सर्जनला कमी दिसतं, आणि मानेच्या आतल्या भागात जंतुसंसर्ग व्हायची भीती. मानेवर बाहेरून छेद घेतला तर नीट दिसतं, पण व्रण राहतो आणि ओठ हलवणारी नस जवळ असते. माझं टोक बोटाला लागत होतं म्हणून तोंडातून ठरलं, उजवा टॉन्सिल काढून. दुखणं पूर्ण जाईल अशी खात्री देत नाही, हे त्यांनी ह्यांच्यासमोर दोनदा सांगितलं.

आता पैसे आणि कागद. रुग्णालयाचा अंदाज ऐंशी हजारांचा होता. आमची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच विमा असलेली पॉलिसी २०२१ पासूनची. पॉलिसीच्या पुस्तिकेत टॉन्सिल आणि कान-नाक-घशाच्या ऑपरेशनांना पहिली दोन वर्षं दावा करता येत नाही असं कलम होतं. तुमच्याही पॉलिसीत बहुतेक असेल, बघून ठेवा. आमची दोन वर्षं उलटलेली होती. टीपीए डेस्कवर (विमा कंपनीच्या वतीनं दाव्यांचे कागद बघणाऱ्या संस्थेचं रुग्णालयातलं टेबल) आधार, पॅन, पॉलिसी, सीटीचा रिपोर्ट, सर्जनचं पत्र दिलं. २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीनं थेट रुग्णालयाला द्यावं यासाठीच्या अर्जावर कंपनीनं तासाभरात निर्णय द्यायचा असतो. तासाभरात आम्हाला निर्णय आला नाही, शंका आली. एक शंका: डेंटल कॉलेजचे कागद आहेत, हा दातांचा खर्च का? दातांचे उपचार पॉलिसीत बसत नव्हते. ती सर्जनच्या दोन ओळींच्या पत्रानं सुटली.

दुसरी भारी होती. भरतीच्या वेळी कोणा निवासी डॉक्टरांनी केसपेपरवर "पाच महिने" ऐवजी "पाच वर्षं दुखतंय" असं लिहून ठेवलं होतं. पाच वर्षं म्हणजे पॉलिसी घ्यायच्या आधीपासून, म्हणजे आजार लपवला! ह्यांचा पारा चढला. मी सप्टेंबरातल्या पहिल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीपासून सगळे कागद तारीखवार लावून आणले होते, ते डेस्कवर पसरले. रुग्णालयानं लेटरहेडवर दुरुस्तीचं पत्र दिलं, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असलेलं. नोंदणी क्रमांक नसला तर पत्र परत येतं. दुपारी मंजुरी आली, पहिल्या खेपेला पन्नास हजारांची, बाकी डिस्चार्जच्या वेळी. तेव्हा भरती होताना डॉक्टर काय लिहितायत ते वाकून बघा. कोणी रागावत नाही. पॉलिसी नसेल तर रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर जाऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का ते विचारावं.

रक्ताच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे, पुन्हा ईसीजी. भूलतज्ज्ञांनी तोंड उघडून जीभ बाहेर काढायला लावली, मान मागे झुकवून पाहिली, हलणारा दात आहे का विचारलं. रात्री बारानंतर पाणीही नाही, बीपीची गोळी मात्र सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगितली. ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, झोपले आणि उठले. तोंडात ऑपरेशन म्हणून श्वासाची नळी नाकातून घातली होती, त्यामुळे जाग आल्यावर नाक हुळहुळत होतं. संध्याकाळी सर्जननी छोट्या बाटलीतला तुकडा दाखवला. नखाच्या कातरणापेक्षा थोडा जाड, पिवळट, एका टोकाला निमुळता, दोन सेंटिमीटरच्या आसपास. एवढाच? टॉन्सिल तपासणीला पाठवला, त्याचा रिपोर्ट आठवड्यानं चांगला आला.

तिसऱ्या दिवशी घरी, म्हणजे नणंदेच्या घरी. आणि चौथ्या दिवशी माझा धीर सुटला, कारण कान दुखायला लागला. पहिल्यापेक्षा जास्त. मला वाटलं, सगळं फुकट गेलं. फोन केला तर सर्जन शांतपणे म्हणाले, टॉन्सिल काढला की त्याच नसेतून कान दुखतोच, दहा दिवसांत उतरेल. हे आधी सांगितलं असतं तर एक रात्र वाचली असती. घशात पांढरा थर दिसतो, तो पू नाही, जखम भरत असल्याची खूण आहे. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या मध्ये कधीही ताजं रक्त थुंकीतून आलं तर फोन करत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा, हे मात्र त्यांनी बजावून पाठवलं होतं. ताप, मानेला सूज, तोंड उघडेनासं होणं, याचंही तसंच. मला यातलं काही झालं नाही.

खाणं: पहिले दोन दिवस गार दूध, आइस्क्रीम. मग गार केलेला मऊ भात आणि तूप, दुधात भिजवलेली दशमी, रव्याची पातळ खीर. आंबट, तिखट, कुरकुरीत बंद. गिळायला दुखतं म्हणून माणूस पाणी प्यायचं टाळतो आणि घसा सुकून आणखी दुखतो, तेव्हा वेदनाशामक गोळी घेऊन अर्ध्या तासानं जेवायला बसायचं. नणंदेची ही युक्ती, ती नर्स नाही, दोन मुलांचे टॉन्सिल काढून झालेली आई आहे.

शाळेत तीन आठवड्यांनी रुजू झाले. रजेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि रुजू होताना फिटनेस, हे दोन वेगळे कागद लागतात. ते पुण्याहून निघतानाच मागून घ्या, नाहीतर एका सहीसाठी सांगली-पुणे करावं लागतं. कार्बामाझेपिन मेंदूविकारतज्ज्ञांनी टप्प्याटप्प्यानं कमी करत पाडव्याच्या सुमारास बंद केली.

दुखण्याचं म्हणाल तर मान वळवल्यावरची कळ गेली, काटा गेला. जांभई फार मोठी आली तर उजवीकडे किंचित ओढल्यासारखं होतं. जिभेच्या मागच्या भागाला महिनाभर चव कमी होती, ती आली.

डिस्चार्जच्या वेळी हातमोजे, मास्क वगैरे सामानाचे सव्वाचार हजार आमच्याकडून घेतले. ऑपरेशनच्या आधीचे साठ दिवस आणि नंतरचे नव्वद दिवस यांतला खर्च आमच्या पॉलिसीत वेगळा मागता येत होता. सीटी त्यात बसला, नोव्हेंबरातला एमआरआय बसला नाही. प्रत्येक बिलामागे ती तपासणी सांगणारी डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी लागते. औषधांच्या एका बिलाची चिठ्ठी सापडली नाही, तेवढे सहाशे कापून बाकीची रक्कम मेमध्ये खात्यात आली. डावं हाड जागच्या जागी आहे. ते दुखत नाही तोवर त्याला हात लावायचा नाही, फक्त सीटीची सीडी जपून ठेवा, असं सर्जननी सांगितलंय. डावा जबडा अजूनही वाजतो. डेंटल कॉलेजच्या सरांच्या मते मी झोपेत दात खाते, आणि रात्री लावायच्या गार्डचं माप द्यायला मला जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आत, बोलावलंय.